कोकण कुठून लागतं?

आज 'हिंदुस्थान' या शब्दाकडे वळायचं ठरलं होतं, ते एक आठवडा लांबवतो. अमेरिकेवरचा लेख वाचून चिपळूणच्या एका वाचकांनी विचारलं आहे, की एका देशाने अख्ख्या खंडाचं नाव आपल्याकडे ओढून घेतलं हे तुम्हाला खटकतं, मग मुंबई-ठाण्यालाही 'कोकण' म्हणणाऱ्या सरकारी नकाशाचं काय? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर मात्र त्यांना रुचणार नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढंच खरं कोकण, असं आपण म्हणतो तेव्हा अमेरिकेनं केलं तेच करतो. एका भागासाठी सगळ्या पट्टीचं नाव मागून घेतो.

जुना पुरावा बघितला तर उत्तरेचा हक्क आपल्याइतकाच पक्का आहे. ठाण्याहून राज्य करणारे शिलाहार आपल्या ताम्रपटांत 'पुरी' हे मुख्य ठिकाण असलेल्या चौदाशे गावांच्या कोकणाचे धनी म्हणून मिरवतात. दक्षिणेचं कोकण नऊशे गावांचं मोजलं जाई. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच्या हिशेबात मोठा वाटा उत्तरेचा होता. माणसांच्या नावांतही तेच दिसतं. पालघर, नाशिक आणि डांगच्या डोंगरांत राहणारे आदिवासी स्वतःला कोकणा किंवा कोकणी म्हणवतात. त्यांच्या जमातीचं नावच या भूमीवरून पडलेलं. दुसऱ्या टोकाला गोव्याची कोंकणी, 1992 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेलेली. आणि रोह्याहून निघून कर्नाटकात ठोकूरला संपणारी कोकण रेल्वे. आपण दोन जिल्ह्यांची कुंपणं घातली तर या सगळ्यांना त्यांच्याच नावातून बाहेर काढावं लागेल.

यावर पहिला आक्षेप बोलीचा, आणि तो हलका नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी डोंबिवलीहून एसटीत बसणारा चाकरमानी 'कोकणात निघालो' म्हणतो. सरकारी कागदावर त्याची डोंबिवलीही कोकण विभागातच आहे, पण त्याच्या मनातलं कोकण कशेडी घाट उतरल्यावर लागतं. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात हे मला मान्य आहे, म्हणून त्याचं बोलणं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण हा वापर जागेनुसार सरकतो, हेही बघायला हवं. मुंबईकराला रत्नागिरी तळकोकणात वाटते. रत्नागिरीकर तळकोकण म्हणून कणकवली-सावंतवाडीकडे बोट दाखवतो. 'देश' या शब्दाचंही तसंच. आपल्याकडे 'देशावर गेला' म्हटलं की माणूस घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूरकडे गेला एवढंच कळतं, आणि त्यामुळे आपण भारताबाहेर पडतो असं कुणाला वाटत नाही. बोलणाऱ्याबरोबर हलणाऱ्या अर्थावर कायमची हद्द आखता येत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि खरं दुखणं तिथेच आहे. कोकण विभागात सात जिल्हे, त्यांतले दोन मुंबईचे. सरासरी काढली की मुंबईच्या श्रीमंतीत राजापूर-मंडणगडची ओढाताण बुडून जाते. त्यावर कडी म्हणजे घटनेचं 371 (2) हे कलम विदर्भ आणि मराठवाडा यांची नावं घेतं आणि आपल्याला 'उर्वरित महाराष्ट्रा'त टाकतं. ही तक्रार मी शब्दशः मान्य करतो. एवढा समुद्रकिनारा असलेल्या भूभागाला घटनेत 'उर्वरित' म्हणावं, हे बोचणारंच आहे. पण औषध नाव तोडण्यात नाही. दांडेकर समितीने 1984 च्या अहवालात अनुशेष जिल्हावार मोजला होता. जिल्हावार आकडे मांडले की मुंबईच्या आड काही लपत नाही, आणि त्यासाठी ठाण्याच्या कपाळावरचं 'कोकण' पुसावं लागत नाही.

मॅसेडोनियाचा वाद आठवा. 1991 मध्ये युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या त्या देशाला ग्रीस म्हणत होता की हे नाव आमच्या प्रांताचं आहे. अखेर 2019 मध्ये 'उत्तर' हा शब्द जोडून तोडगा निघाला. त्यांना जे शब्द शोधायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागली ते आपल्या तोंडी केव्हापासूनच आहेत: उत्तर कोकण, दक्षिण कोकण, तळकोकण. ज्याला फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्गाविषयी बोलायचं असेल त्यानं 'दक्षिण कोकण' म्हणावं. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे, पालघरही आले, मुंबईचे दोन जिल्हे आले नाहीत. आंब्याला पाच, महसुलाला सात, रेल्वेला तीन राज्यं. पेटीवर 'रत्नागिरी हापूस' लिहायला या पाचांतल्या कुणीही आपल्याला अडवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र हिंदुस्थान नक्की. पेशव्यांच्या पत्रांतल्या माणसाला तो पुण्यात लागत नसे, नर्मदा ओलांडल्यावर लागे. तिथूनच सुरुवात करू.