माळावरची झाडं अंगणात

सोलापुरात बागेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "इथल्या उन्हात काय टिकतंय?" वर्षाला सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडणारा पारा आणि काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी. या हिशेबात हिरवंगार लॉन बसत नाही, हे खरंच आहे. पण तरवड, हिवर, बोर, आपटा, कोरांटी याच उन्हात पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. तरी ती अंगणात दिसत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

"माळ म्हणजे पडीक जमीन. झाडं लावली की सुधारेल."

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं केलं. कुसळी, पवन्या, मारवेल अशा गवतांचा माळ हा स्वतंत्र अधिवास आहे. काळवीट, लांडगा, चंडोल, धाविक हे सगळे त्याच्यावर जगतात. शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या नान्नज परिसरात १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. माळढोक जमिनीवर उघड्यावर अंडं घालतो, तेही बहुधा एकच, आणि त्याला चहूकडे लांबवर दिसावं लागतं. अशा माळांवर 'हिरवाई' म्हणून गिरिपुष्प लावलं गेलं. ते दाट वाढलं की खालचं गवत सावलीनं खुरटतं आणि पक्ष्याची नजर अडते. माळढोक आज इथं क्वचितच दिसतो. त्यामागं शेतीचा विस्तार, विजेच्या तारा अशी इतरही कारणं आहेत, पण चुकीच्या जागी लावलेली झाडं हेही त्यातलं एक आहे. चांगल्या हेतूनं झालेलं हे नुकसान मला फार लागतं.

अंगणापुरता याचा अर्थ सोपा आहे. एका कडेचं गवत कापू नका, त्याला बी धरू द्या. मुनिया ते बी टिपायला येतात आणि घरट्यासाठी पातीही नेतात.

"आपल्याकडे सगळीकडे दिसतं, म्हणजे देशीच असणार."

गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, झेंडू मेक्सिकोचा. घाणेरी आणि तलावाकाठी माजलेली वेडी बाभूळ याही अमेरिकेतून आलेल्या. म्हणून अंगणातला गुलमोहर तोडायची गरज नाही, आणि झेंडू तर लावू तिथंच राहतो. घाणेरी आणि वेडी बाभूळ मात्र आपणहून पसरतात आणि बाकीच्यांची जागा घेतात, त्यांना वेळीच आवरावं. खरी बाभूळ ओळखायला सोपी आहे: तिची फुलं पिवळी, गोल गोंड्यासारखी आणि शेंगा मण्यांच्या माळेसारख्या, राखाडी. वेडीची फुलं लांबट तुऱ्यात येतात.

"पानं खाल्ली, म्हणजे कीड लागली. फवारा."

कढीपत्त्यावरच्या किंवा लिंबावरच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून घरातलं कुणीतरी त्या चिरडतं. त्या लाइम आणि कॉमन मॉरमन या फुलपाखरांच्या असतात. भरल्या झाडाला चार पानं गेल्यानं काही होत नाही. रुईचंही तसंच. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ घालायची आणि दारात उगवली तर तण म्हणून उपटायची, ही आपली रीत. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या रुईसारख्या चिकाच्या झाडांवरच वाढतात. रुईचा चीक डोळ्यांना घातक असतो, एवढं लक्षात ठेवून ती कुंपणाकडेला असू द्यावी. फुलपाखरू बघायचं असेल तर अळीला पान द्यावं लागतं, याला दुसरा मार्ग नाही.

१९३२ साली सोलापुरातच जन्मलेल्या निसर्गलेखक मारुती चितमपल्लींना झाडापाखरांची ओळख लहानपणीच आई आणि मामा यांच्याकडून झाली. मुलांना ही ओळख घरातल्या माणसांकडूनच होते. त्यासाठी जंगल जवळ असावं लागत नाही, कढीपत्त्याची कुंडीही पुरते.

"पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो."

नाही. प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो, रात्री पिंपळही इतर झाडांसारखा श्वसनच करतो. त्याची थोरवी फळांत आहे. कोकीळ, तांबट, बुलबुल, वटवाघळं त्यावर पोसली जातात. भिंतीजवळ मात्र लावू नये, मुळं भिंत फोडतात.

"देशी झाडाला पाणी लागतच नाही."

मोठं झाल्यावर फारसं लागत नाही. पहिले दोन उन्हाळे मात्र जपावं लागतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळं उघडी पडतात, म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर हवा. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा खोलवर पाणी द्यावं, मुळं खाली उतरतात.

"रानटी झाडांना शोभा नसते."

हे ऐकलं की मला तरवड आठवतो. त्याच्या पिवळ्या फुलांशिवाय तेलुगू घरांतली बतुकम्मा सणाची फुलांची रास सजत नाही, आणि विणकरांच्या सोलापुरात अशी घरं हजारोंनी आहेत. तेलुगूत त्याला तंगेडू म्हणतात. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळं कुंपणाला उत्तम. काळे भुंगे फुलाला धरून जोरानं थरथरतात, तेव्हा त्याचे पराग बाहेर पडतात. सकाळी जवळ उभं राहिलं तर तो आवाज ऐकू येतो.

"पण रोपं मिळतात कुठं?"

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारावं. नाहीतर बी गोळा करावं. तरवडाच्या बियांचं कवच कठीण असतं. दगडावर हलकं घासून त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. निंबोळीला मात्र थांबायला वेळ नसतो. पिकून पडलेली निंबोळी गर काढून, सावलीत सुकवून दोन-तीन आठवड्यांत पेरावी, उशीर झाला की उगवण घटते. आपट्याच्या शेंगा झाडावरच वाळल्या की काढाव्यात आणि बी पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या सुमाराला पेरावं. रोपासाठी पिशवी उंच घ्यावी, म्हणजे सोटमूळ वाकडं होत नाही.