सांडपाण्याचं वजन

काटेपूर्णा वाशीम जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे महानच्या धरणातून अकोलेकरांची तहान भागवते. उगमाकडच्या अशा नद्या श्रावणात दुथडी भरतात, पण एप्रिलमध्ये पात्रात डोह तेवढे उरतात. त्या दिवसांत कारखान्याचं सांडपाणी नदीत उतरलं, तर त्याला सामावून घ्यायला पाणीच नसतं. म्हणून या भागात सांडपाण्याची नुसती बाटली भरून तपासणं मला अपुरं वाटतं.

नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी बीओडीची, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनची, सर्वसाधारण मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. समजा, रोज 1 लाख लिटर सांडपाण्यात हे प्रमाण 300 आहे. म्हणजे भार झाला 30 किलो. त्यात बोअरचं 9 लाख लिटर चांगलं पाणी मिसळलं की अहवालात आकडा येतो 30. कागद स्वच्छ, पण नदीत गेले तेच 30 किलो. वर भूजल वाया गेलं ते वेगळंच. ही चलाखी प्रवाह मोजल्याशिवाय पकडता येत नाही.

मोजायचं कसं? उघड्या नालीत व्ही आकाराची खाच असलेला पत्रा आडवा बसवतात. 90 अंशांच्या खाचेवरून पाणी 10 सेंटिमीटर उंचीने वाहत असेल, तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर जातं. उंची 20 झाली की तेच जवळपास 25 लिटर होतं! उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पटींहून जास्त. त्यामुळे 10 सेंटिमीटरला अर्ध्या सेंटिमीटरची चूकही हिशेबात 12-13 टक्क्यांचा फरक पाडते. उंची खाचेपाशी घ्यायची नाही, कारण तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. थोडं मागे, संथ पाण्यात घ्यायची. आणि पत्र्यामागचा गाळ वेळच्या वेळी काढायचा. बंद नळीसाठी विद्युतचुंबकीय मीटर असतो. फॅरेडेने 1831 मध्ये शोधलेल्या तत्त्वावर तो चालतो, मात्र नळी पूर्ण भरलेली लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषणकारी 17 प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन देखरेख बंधनकारक केली. साखर कारखान्यांना 2016 पासून टनभर उसामागे 200 लिटरच सांडपाण्याची मुभा आहे. ही मर्यादा प्रवाह मोजल्याखेरीज तपासताच येणार नाही. लहान उद्योगांच्या संमतीपत्रातही रोज किती घनमीटर सांडपाणी सोडायचं ते लिहिलेलं असतं. त्या आकड्याशेजारी बोअर, टँकर आणि नळाचं आत आलेलं पाणी मांडावं. आत थोडं आणि बाहेर जास्त दिसलं, तर पहिली चौकशी चांगलं पाणी कुठून मिसळलं याची व्हावी, आणि ती उन्हाळा लागण्याआधी.