पाणी वर का चढलं?

पंखे बंद ठेवावे लागले आहेत, नाहीतर मेणबत्त्या टिकत नाहीत. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी शाळेचा हा वर्ग. जाड चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, मार्चची दुपार. मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पेडणे आणि डिचोलीतले विज्ञानाचे तीसेक शिक्षक रुमालानं मान पुसताहेत. बाहेर व्हरांड्यात चहाचा थर्मास येऊन बराच वेळ झालाय, पण कुणी उठत नाही. सरकारी प्रशिक्षणात हे दृश्य दुर्मिळच म्हणायचं.

प्रत्येक गटासमोर एक ताटली, ताटलीत मध्यभागी चिकटवलेली मेणबत्ती आणि भोवती पाणी. पाण्याची पातळी नीट दिसावी म्हणून पेडण्याच्या एका बाईंनी घरून कोकमाचं आगळ आणलंय, त्यामुळे पाणी लालचुटुक झालं आहे. मेणबत्ती पेटवायची, तिच्यावर काचेची बरणी उपडी घालायची. ज्योत बारीक होते, विझते आणि लाल पाणी सरसर बरणीत चढतं.

"का चढलं?" साधनव्यक्ती विचारतात.

"ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली," चार-पाच आवाज एकदमच येतात. "हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. पाणीही साधारण तेवढंच चढतं."

साधनव्यक्ती बरोबर म्हणत नाहीत, चूक म्हणत नाहीत. ते खोक्यातून आणखी मेणबत्त्या काढतात. आता त्याच बरणीखाली एकीऐवजी तीन ठेवायच्या. पण आधी प्रत्येकानं वहीत लिहायचं: पाणी तेवढंच चढेल, कमी, की जास्त? इथं वर्गाचा नूर बदलतो. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतात. बहुतेकांच्या वहीत "तेवढंच" आहे, आणि ते तर्काला धरूनच आहे. बरणी तीच, तर आतला ऑक्सिजनही तेवढाच.

पाणी जास्त चढतं. चांगलं दोन बोटं जास्त.

"हें कित्याक जाता?" मागच्या बाकावरून एक मास्तर अस्सल पेडणेकरी कोकणीत विचारतात. आगळवाल्या बाई तर पुन्हा बरणी उचलून, पुसून प्रयोग करायला लागल्याही. या खेपेला त्या ज्योतीकडे न बघता बरणीच्या काठाकडे बघताहेत. "थांबा, थांबा! बुडबुडे येतायत बाहेर!" सगळा गट वाकतो. खरंच, बरणी टेकल्याबरोबर काठाखालून बुडबुडे निसटतात. शिवाय ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही. ते झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर.

मग हळूहळू जुळत जातं. ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, तिचा काही भाग निसटून जातो. ज्योत विझली की उरलेली हवा निवते, आकसते, आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या तीन, म्हणजे उष्णता जास्त आणि निसटलेली हवाही जास्त. ऑक्सिजन तर सगळा संपतच नाही. हवेतलं त्याचं प्रमाण 21 वरून 16 टक्क्यांच्या आसपास आलं की मेणबत्ती मान टाकते. शिवाय जेवढा जळतो, त्यातल्या बऱ्याचशा जागेत कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. बिझॅन्टियमच्या फिलोनं हा प्रयोग इसवी सनापूर्वीच लिहून ठेवला होता. म्हणजे पाणी दोन हजार वर्षांहून जास्त काळ चढतंय आणि त्याचं सोपं पण चुकीचं कारण आपण अजून पाठ करून घेतोय.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. 50 तास पडद्यावरच्या स्लाइड बघतही काढता येतात. तसे काढलेले इथं बरेच जण आहेत, ते हसत कबूलही करतात. 1972 साली होशंगाबादला सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षक आधी स्वतः प्रयोग करत, चुकत, शास्त्रज्ञांशी वाद घालत. काडेपेटीच्या काड्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता तिथूनच घडले. तो कार्यक्रम 2002 मध्ये बंद पडला. पद्धत मात्र जुनी झालेली नाही, हे या वर्गातला गलका बघून पटतं.

चहा एकदाचा आत येतो. त्याबरोबर एक डिचोलीकर मास्तर पिशवीतून खाणीकडची तांबडी माती काढतात आणि तिच्यावरून चुंबक फिरवतात. थोडे काळसर कण चिकटतात, बाकी माती ढिम्म. "खाणीवर ट्रक चालवणाऱ्यांची मुलं विचारतात, लोखंडाचीच माती ना, मग चिकटत का नाही?" गोव्याचं खनिज मुख्यतः हेमटाइट. त्यात लोह भरपूर, पण साध्या चुंबकाला ते दाद देत नाही. काळसर कण मॅग्नेटाइटचे असणार. मला विचाराल तर हा प्रश्न दहा तक्त्यांपेक्षा मोलाचा आहे.

पेडण्याच्या बाईंचा विषय वेगळाच आहे. काजूचा हंगाम आहे. त्यांच्या मुलांना गावात भट्टी दिसते: खाली भाण, त्यात उकळणारा रस, नळीतून जाणारी वाफ, थंड पाण्यानं निवणारी लवणी आणि थेंब थेंब गळणारी उर्राक.

"शाळेत दारूचा धडा?" कुणीतरी टोकतं.

"दारू नाही हो सर, ऊर्ध्वपातन!"

हशा पिकतो, पण प्रश्न मिटत नाही. पालक काय म्हणतील यावर दोन तट पडतात. शेवटी साधं पाणी उकळून, वर थंड पाण्याची वाटी धरून वर्गात करायचं आणि भट्टीचं निरीक्षण मुलांनी आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, असं ठरतं. मला ही तडजोड जरा भित्रीच वाटते.

पेडण्याची बस साडेचारची, म्हणून आवराआवर सुरू आहे. मेण खरवडता खरवडता आगळवाल्या बाई विचारतात, "सर, परीक्षेत मुलानं आजचं उत्तर लिहिलं आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांनी वही बघितली, तर?"

"कारण बुडबुड्यांसकट लिहू दे," साधनव्यक्ती म्हणतात. "आणि खाली मापं. एक मेणबत्ती, इतके सेंटिमीटर. तीन मेणबत्त्या, इतके."

"आणि त्यांनी तरी लाल रेघ मारली तर?"

"तर एक बरणी तयार ठेवा. त्यांच्याकडूनच करून घ्या."