खंदकातील लढाई: शॉटगन की सबमशीनगन?

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, पश्चिम आघाडीवरील अरुंद खंदकांत दोन वेगळ्या बंदुकांची कसोटी लागली. अमेरिकी सैनिकांकडे बारा बोअरची ‘विंचेस्टर १८९७’ शॉटगन होती, तर जर्मनांकडे ‘एमपी १८’ ही सबमशीनगन. शॉटगनच्या एका काडतुसातून नऊ जाड छर्रे एकदम सुटत. खंदकाच्या वळणावर अवचित गाठ पडल्यास नेम धरण्याची उसंत नसे. तेथे ती भारी ठरे. सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्या वापराचा अधिकृत निषेध केला. विषारी वायू वापरणाऱ्या देशाने तो करावा, हे विशेषच! अमेरिकेने तो फेटाळला.

मात्र पाच-सहा बारांनंतर शॉटगनमध्ये काडतुसे एकेक करून भरावी लागत. कागदी आवरणाची काडतुसे चिखलपाण्यात फुगत आणि बंदुकीत बसेनाशी होत. पन्नास मीटरच्या पलीकडे छर्रे निष्प्रभ ठरत. ‘एमपी १८’ पिस्तुलाचीच ९ मिलिमीटरची गोळी झाडत असली, तरी ३२ गोळ्यांच्या मॅगझिनमुळे तिचा मारा सलग चाले आणि पल्लाही दुप्पट पडे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची ‘स्टेन’ व सोव्हिएत ‘पीपीएसएच-४१’ लाखोंच्या संख्येने तयार झाल्या. शॉटगन मुख्यत्वे पॅसिफिकमधील जंगलांपुरती आणि पहाऱ्यापुरती उरली.