बर्फ सरल्यानंतरची मासेमारी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याला ‘दहा हजार सरोवरांचा प्रदेश’ म्हणतात. हे वर्णन अतिशयोक्तीचे तर नाहीच, उलट थोडे कमीच आहे. कारण 10 एकर व त्याहून मोठी सरोवरेच तेथे 11,842 आहेत. हिवाळ्यात ती गोठून जातात. राज्याच्या दक्षिण भागात बहुधा मार्चच्या उत्तरार्धात, तर अगदी उत्तरेस मेच्या आरंभी बर्फ वितळतो आणि कित्येक महिन्यांनी मोकळे पाणी दृष्टीस पडते. मग लहानथोर मंडळी गळाची काठी घेऊन काठावर येऊ लागतात.

त्यांचे लक्ष्य असते ते ‘पॅनफिश’. ही काही माशाची एक जात नव्हे. तळणीच्या तव्यात अख्खे मावतील अशा लहान माशांना मिळून दिलेले हे घरगुती नाव आहे. ब्लूगिल, क्रॅपी व पिवळा पर्च हे त्यांतील प्रमुख होत. वॉलायसारख्या मोठ्या माशांचा हंगाम मेच्या सुमारास सुरू होतो; यांना मात्र तसा बंदीकाळ नसतो. राज्यातील 16 वर्षांखालील मुलांना परवानाही लागत नाही. साहजिकच ही मासेमारी साऱ्या कुटुंबाची होऊन बसते.

थंड पाण्यात मासे शोधावे कोठे? याचे उत्तर पाण्याच्या एका गुणधर्मात आहे. पाणी सर्वांत जड असते ते 4 अंश सेल्सिअसला. म्हणून हिवाळ्यात सरोवराच्या तळाशी जवळपास एवढीच ऊब टिकून असते आणि त्याहून थंड पाणी वर, बर्फाखाली राहते. बर्फ गेल्यावर पृष्ठभाग तापत तापत 4 अंशांवर येतो, वारा वरखालचे पाणी घुसळतो आणि सारे सरोवर सारखेच गार होते. अशा वेळी उत्तर काठच्या उथळ खाड्यांचे भाग्य उजळते. दक्षिणेकडून येणारे ऊन त्यांच्यावर सरळ पडते, उत्तरेच्या वाऱ्यापासून त्यांना आडोसा असतो आणि तळचा काळा चिखल उष्णता शोषून घेतो. तेथील पाणी उर्वरित सरोवरापेक्षा काही अंशांनी उबदार होते, चिखलातील किड्यांच्या अळ्या हालचाल करू लागतात आणि भुकेले मासे त्यांच्या मागे येतात.

माशाच्या शरीराची ऊब पाण्यावर अवलंबून असते. थंडीत तो सुस्त असतो व भक्ष्याचा पाठलाग करीत नाही. म्हणून गळ लहान, दोरा बारीक आणि आमिष इवलेसे असावे. तरंगत्या बुचाखाली ते सोडून जवळजवळ स्थिर ठेवावे. क्रॅपी आपल्या वरचे भक्ष्य टिपतो. तेव्हा आमिष त्याच्या किंचित वरच राहू द्यावे. आपल्याकडे गळ टाकणारे पहाट साधतात. येथे मात्र पाणी तापल्यावर, म्हणजे दुपारनंतर, यश अधिक. थंड वारे परतले, की मासे जवळच्या खोल पाण्यात सरकतात.

हवा सुखद झाली म्हणजे पाणीही सुखद झाले, हा समज मात्र जीवघेणा ठरतो. अशा पाण्यात पडलेल्या माणसाचे काय होते, हे कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी ‘1-10-1’ या सूत्रात सांगितले आहे. पहिला 1 मिनिट धाप आवरत नाही. पुढील सुमारे 10 मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. आणि शुद्ध हरपते ती साधारण 1 तासाने. म्हणजे थंडीने गारठण्यापूर्वीच पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. होडीत 10 वर्षांखालील मुलांनी जीवरक्षक जाकीट घालावे, असा मिनेसोटाचा कायदा आहे. वसंतारंभी ते मोठ्यांनीही अंगावर घालावे, जवळ नुसते ठेवू नये. खरे पाहता या दिवसांत मासेच काठाकडे आलेले असतात. मग होडीची जोखीम पत्करायची कशाला?

माशांचे असे एकत्र येणे त्यांच्याही मुळावर येऊ शकते. ब्लूगिलचा मोठा नर उन्हाळ्याच्या तोंडावर उथळ तळाशी घरटे कोरतो, शेपटीने अंड्यांना वारा घालतो आणि त्यांची राखण करतो. असे नर वेचून नेले, की लहान नर वाढ सोडून अकालीच प्रजोत्पादनाला लागतात आणि सरोवरात खुरटे मासेच उरतात. म्हणून मिनेसोटाने 2021 पासून अनेक निवडक सरोवरांत एका दिवसाला 5 किंवा 10 अशी कमी मर्यादा घातली आहे. जाणकार मंडळी मध्यम आकाराचे मासे ठेवतात आणि सर्वांत मोठे हलकेच पाण्यात सोडून देतात.

थंड पाण्यातील माशाचे मांस घट्ट व गोडसर लागते. खवले काढून, मक्याच्या पिठात घोळवून तव्यावर तळले, की चार माणसांच्या जेवणाला मूठभर मासे पुरतात. तेवढेच घ्यावे, आणि पुढच्या वसंतासाठी सरोवर भरलेले ठेवावे.