लघुउद्योगातील संगणक जाळ्याचे नियोजन

लघुउद्योगातील संगणक जाळ्याचे नियोजन म्हणजे लहान कंपनीतील संगणक, सर्व्हर, प्रिंटर, कॅमेरे व मोबाइल यांची गटांत विभागणी करणे, प्रत्येक गटाला अंकपत्त्यांचा स्वतंत्र पट्टा देणे आणि कोणत्या गटाला कोणत्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येईल हे आधीच ठरवणे होय. अशा प्रत्येक गटाला उपजाळे किंवा सबनेट म्हणतात. पत्त्यांची मोजदाद हा या कामाचा एक भाग झाला. एका ठिकाणी बिघाड किंवा विषाणूचा शिरकाव झाल्यास उद्योगाचे किती काम थांबेल, हे ठरवणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. या लेखात यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उद्योगाचे उदाहरण घेऊन ही पद्धत स्पष्ट केली आहे.

## पार्श्वभूमी

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने टीसीपी/आयपी ही नियमप्रणाली स्वीकारली. त्या काळी संस्थांना अ, ब किंवा क वर्गातील ठरावीक आकाराचे पट्टे मिळत. एका मोठ्या पट्ट्याचे संस्थेच्या अंतर्गत तुकडे करण्याची प्रमाणित पद्धत ऑगस्ट १९८५ मध्ये आरएफसी ९५० या दस्तऐवजाने घालून दिली. १९९३ मध्ये वर्गांचे बंधन सुटले व पट्टा कोणत्याही बिटवर विभागणे शक्य झाले. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे पत्ते कोणतीही संस्था परवानगीविना अंतर्गत जाळ्यात वापरू शकते.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने शैक्षणिक व संशोधन संस्था जोडल्या. सर्वसामान्य ग्राहकांसाठी विदेश संचार निगमची आंतरजाल सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

## अंकपत्त्याची रचना

आयपी आवृत्ती ४ मधील अंकपत्ता ३२ बिटांचा असतो. त्याचा पहिला भाग जाळे दर्शवतो व उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्र. तिरक्या रेषेनंतरचा आकडा जाळ्याच्या भागातील बिटांची संख्या सांगतो. उदाहरणार्थ, /२६ मध्ये जाळ्यासाठी २६ बिट लागतात व यंत्रांसाठी ६ उरतात. सहा बिटांतून ६४ पत्ते तयार होतात. त्यांपैकी पहिला जाळ्याची ओळख म्हणून व शेवटचा सर्वांना एकाच वेळी संदेश पाठवण्यासाठी राखीव असल्याने ६२ पत्ते वापरता येतात. यांतील एक पत्ता राउटरला द्यावा लागतो. /२६ चा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.१९२ असा लिहितात.

## उदाहरण : जिनिंग-प्रेसिंग कारखाना

यवतमाळ जिल्हा ‘पांढऱ्या सोन्याचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. कापसापासून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंग कारखाने हा येथील महत्त्वाचा उद्योग आहे. शेतकऱ्याची गाडी वजनकाट्यावर आधी भरलेली व नंतर रिकामी मोजली जाते. दोन वजनांतील फरकावरून कापसाचे वजन ठरते व त्यानुसार चुकारा होतो. काट्यावरील संगणक आणि हिशेबाचा सर्व्हर यांचा संपर्क ऐन हंगामात तुटला, तर आवारात गाड्यांची रांग लागते व शेतकऱ्यांचे चुकारे रखडतात.

यवतमाळ येथे मुख्य कारखाना आणि वणी येथे खरेदी केंद्र असलेल्या एका काल्पनिक कंपनीचा विचार करू. प्रथम प्रत्येक गटातील यंत्रे मोजली जातात व वाढीसाठी जागा धरली जाते. त्यानंतर सर्वांत मोठ्या गटापासून सुरुवात करून पट्टे वाटले जातात. उतरत्या क्रमाने वाटप केल्यास मध्ये निरुपयोगी तुकडे उरत नाहीत.

| गट | यंत्रे | उपजाळे | वापरण्याजोगे पत्ते |
|---|---|---|---|
| पाहुणे व कर्मचाऱ्यांचे मोबाइल | ७० | १०.२०.०.०/२५ | १२६ |
| कार्यालय | २८ | १०.२०.०.१२८/२६ | ६२ |
| वजनकाटा व कॅमेरे | १८ | १०.२०.०.१९२/२७ | ३० |
| सर्व्हर | ६ | १०.२०.०.२२४/२८ | १४ |
| स्विच व इतर जाळे-उपकरणे | ७ | १०.२०.०.२४०/२८ | १४ |

या पाच उपजाळ्यांत १०.२०.०.०/२४ मधील २५६ पत्ते पूर्णपणे वाटले जातात. म्हणून लगतचा १०.२०.१.०/२४ हा पट्टा यवतमाळच्या पुढील वाढीसाठी मोकळा ठेवला जातो व वणी केंद्राला १०.२०.२.०/२४ दिला जातो. त्यामुळे वणीच्या राउटरला संपूर्ण यवतमाळचा मार्ग १०.२०.०.०/२३ या एकाच नोंदीत सांगता येतो.

## गटांमधील सीमा

वेगवेगळे पट्टे दिले म्हणजे गट आपोआप सुरक्षित होत नाहीत. एकाच स्विचवर अनेक गट खऱ्या अर्थाने वेगळे ठेवण्यासाठी आभासी स्थानिक जाळे म्हणजेच व्हीलॅन हे तंत्र वापरतात. दोन व्हीलॅनमधील वाहतूक राउटर किंवा फायरवॉलमधूनच जाते व तेथे नियम लावले जातात. वरील उदाहरणात पुढील नियम मूलभूत ठरतात :

* पाहुण्यांच्या गटाला केवळ आंतरजाल मिळते, अंतर्गत काहीही दिसत नाही.
* वजनकाट्याचा संगणक हिशेबाच्या सर्व्हरशी ठरलेल्या एकाच पोर्टवर बोलतो.
* कॅमेरे केवळ चित्रमुद्रकाशी जोडलेले असतात, त्यांना आंतरजाल दिले जात नाही.
* जाळे-उपकरणांची मांडणी केवळ व्यवस्थापकाच्या संगणकावरून बदलता येते.
* स्पष्ट परवानगी न दिलेली इतर सर्व वाहतूक नाकारली जाते.

एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात विषाणू शिरला, तरी या सीमांमुळे तो हिशेबाच्या नोंदींपर्यंत सहजासहजी पोहोचत नाही.

## सर्व्हरचे नियोजन

सर्व्हरला स्थिर पत्ता दिला जातो. इतर यंत्रांना डीएचसीपी ही सेवा आपोआप पत्ते वाटते. डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या उपजाळ्यात असल्यास यंत्रांच्या मागण्या त्याच्याकडे पोहोचवण्याची सोय राउटरमध्ये करावी लागते. कर्मचाऱ्यांनी सर्व्हरचा आकडी पत्ता न वापरता अंतर्गत डीएनएसमधील नाव वापरावे, म्हणजे सर्व्हर बदलला तरी प्रत्येक संगणकावर दुरुस्ती करावी लागत नाही.

हिशेब, फायली, वापरकर्त्यांची ओळख व राखीव प्रती ही कामे आभासी यंत्रांच्या साहाय्याने एकाच भौतिक सर्व्हरवर चालवता येतात. राखीव प्रती मात्र त्याच यंत्रावर ठेवणे निरर्थक ठरते. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, हा संकेत रूढ आहे. खंडणीखोर विषाणू जाळ्याला जोडलेल्या प्रतीही कुलूपबंद करतात. म्हणून एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी व तिच्यातून माहिती परत मिळते की नाही, हे ठरावीक काळाने तपासावे.

वणी केंद्र आभासी खाजगी जाळ्याने, म्हणजेच व्हीपीएनने, मुख्य कारखान्याशी जोडले जाते. पत्ते व नावे पुरवणारी सेवा वणीच्या राउटरवरच ठेवल्यास बाहेरची जोडणी तुटली तरी तेथील संगणक व प्रिंटर एकमेकांशी जोडलेले राहतात. काट्यावरील प्रणालीने या काळातील नोंदी स्थानिक संगणकावर साठवून नंतर मुख्य सर्व्हरकडे पाठवाव्यात, म्हणजे खरेदी थांबत नाही.

विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि जिनिंगच्या आवारात कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात. तंतूंमुळे सर्व्हरच्या पंख्यांत व जाळ्यांत थर बसून यंत्र तापते. म्हणून सर्व्हरची खोली यंत्रशाळेपासून दूर, बंद व थंड असावी. वीज गेल्यास सर्व्हर व्यवस्थित बंद होईल इतका वेळ यूपीएस टिकला पाहिजे. सर्व्हर चालू असूनही स्विच बंद पडल्यास काम थांबते, म्हणून काट्याजवळच्या स्विचलाही यूपीएस आवश्यक असतो.

## कायदेशीर बाजू

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती ६ तासांत कळवणे, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना यासाठी २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत दिली होती. त्यामुळे नोंदी साठवण्याची जागा सर्व्हरच्या नियोजनातच धरावी लागते.

## नेहमीच्या चुका

घरगुती राउटरांत १९२.१६८.०.०/२४ किंवा १९२.१६८.१.०/२४ हे पट्टे बहुधा आधीच भरलेले असतात. कंपनीनेही तेच वापरल्यास घरून व्हीपीएनद्वारे काम करणाऱ्याचा संगणक कंपनीचा सर्व्हर आपल्याच घरात शोधत राहतो. दुसरी चूक म्हणजे वाय-फाय वाढवण्यासाठी कोणीतरी परस्पर जोडलेला राउटर. तो स्वतःच पत्ते वाटू लागतो व काही संगणक अकारण जाळ्याबाहेर पडतात. स्विचमधील डीएचसीपी स्नूपिंग ही सोय सुरू केल्यास हे टळते. तिसरी चूक नोंदवही न ठेवण्याची. कोणता पत्ता कोणत्या यंत्राला दिला आहे व कोणती तार कोठे जाते, हे लिहून ठेवले नसेल तर ते जाणणारी व्यक्ती नोकरी सोडून गेल्यावर साध्या बिघाडाचा शोध घेण्यातही दिवस जातो.

## आयपी आवृत्ती ६

आवृत्ती ४ च्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. आवृत्ती ६ चा पत्ता १२८ बिटांचा असून स्थानिक उपजाळ्याला सहसा /६४ आकाराचा पट्टा दिला जातो. त्यामुळे यंत्रांच्या संख्येनुसार पट्ट्याचा आकार बेतण्याची गरज उरत नाही. मात्र कोणत्या गटाने कोणाशी बोलावे हा प्रश्न तसाच राहतो. आवृत्ती ४ साठी केलेले फायरवॉलचे नियम आवृत्ती ६ साठीही स्वतंत्रपणे लावले नाहीत, तर बंद समजलेली वाट उघडी राहू शकते.