घर, एफएसआय आणि मोटार : मुंबईच्या बांधकाम नियमांचा मागोवा

मुंबईतील घरबांधणीचे नियम कडक झाले ते प्लेगच्या धास्तीने. 1896 च्या साथीनंतर 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांत उजेड आणि वारा पोचवणे हे त्याचे काम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. इमारतीसमोर जेवढी मोकळी जागा असेल, तिच्या साधारण दुपटीहून इमारत उंच नसावी, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ट्रस्टच्याच योजनांतून उभ्या राहिल्या. त्या आखणीत मोटारीचा विचार जवळजवळ नव्हता, आणि त्या वेळी तो असण्याचे कारणही नव्हते. गिरगाव-परळच्या चाळींत तर सायकल ठेवायलाही जिन्याखालचा कोपरा शोधावा लागे.

1915 चा नगररचना कायदा आणि त्याची जागा घेणारा 1954 चा कायदा या वाटेने मुंबईची पहिली विकास योजना आली. तिचा आराखडा 1964 चा, मंजुरी 1967 ची. दरम्यान 1966 मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. या आराखड्यासोबत चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एफएसआय, मुंबईत आला. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक एक असेल, तर सर्व मजले मिळून हजार चौरस मीटर बांधता येते. आता मर्यादा उंचीवर नव्हती, एकूण बांधकामावर होती. त्यामुळे बांधलेल्यापैकी काय मोजायचे आणि काय सोडायचे, हा पैशांचा प्रश्न झाला.

खांबांवर उभ्या केलेल्या इमारतीखालची जागा, म्हणजे स्टिल्ट, या मोजणीतून सुटली. उपनगरांत खांबांवरच्या इमारतींची रीत पडली, त्यामागे ही सवलत होती. खाली गाड्या, वर माणसे.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने शहरात 1.33 आणि उपनगरांच्या बहुतेक भागांत 1 असा निर्देशांक ठेवला. त्यासोबत हस्तांतरणीय विकास हक्क, उपकरप्राप्त जुन्या इमारती आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासासाठी वाढीव एफएसआय, गिरण्यांच्या जमिनींसाठी 58 वा नियम, असे दरवाजेही उघडले. मूळ आकडा लहान आणि अपवाद मोठे, अशी ही रचना होती. पार्किंगचे किमान प्रमाणही तिने ठरवले. 35 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक जागा, मोठ्या घराला दोन. एका मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरली होती. येण्याजाण्याची वाट मिळवली, तर दोन गाड्यांची जागा एका लहान कुटुंबाच्या घराएवढी भरते. बहुतांश लोक लोकल, बस आणि पायी फिरणाऱ्या शहरात हे प्रमाण कमाल मर्यादा म्हणून नव्हे, तर किमान सक्ती म्हणून लागू झाले. हा निर्णय त्या वेळी फारसा कुणाला खटकला नाही, हेच विशेष. पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये धरले जात नसल्याने टॉवरच्या पायाशी गाड्यांचे पोडियम चढत गेले.

या जागांची मालकी कुणाची, यावर अनेक सोसायट्या आणि बिल्डर यांच्यात वर्षानुवर्षे भांडणे चालली. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. स्टिल्टमधली जागा हे गॅरेज नव्हे. ती सामाईक आहे आणि बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येणार नाही. त्यानंतरही व्यवहार थांबले नाहीत, फक्त पावतीवरचे शब्द बदलले.

रस्त्यावरच्या गाड्यांसाठी 2008 मध्ये नियमावलीत 33(24) ही तरतूद आली. खासगी भूखंडावर सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला विनामूल्य द्यायचा आणि बदल्यात वाढीव एफएसआय घ्यायचा. कागदावर दोघांचाही फायदा दिसत होता. पण वाढीव बांधकामाला भाव चांगला मिळेल तिथे असा वाहनतळ बांधण्यात बिल्डरला रस. गाड्यांची गर्दी कुठे आहे हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम होता. शिवाय शेजारच्या रस्त्यावर गाडी फुकट उभी राहत असताना आत पैसे कोण भरणार? जुलै 2019 मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून 500 मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना किमान 5,000 रुपयांपासून मोठा दंड सुरू केला, तो ही गाठ सोडवण्यासाठी.

जानेवारी 2012 मध्ये आयुक्त सुबोध कुमार यांच्या काळात फुलझाडांचे कट्टे, बाल्कन्या असे फुकटचे क्षेत्र मोजणीत आणले गेले आणि भरपाई म्हणून घरांना 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा, एफएसआय दिला गेला. आवश्यक पार्किंगची सूट मात्र कायम राहिली.

2034 पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा चुकांवरून एप्रिल 2015 मध्ये रद्द झाला. 2018 मध्ये अमलात आलेल्या नव्या नियमावलीने रुंद रस्त्यांलगत शहरात निवासी बांधकामाला 3 पर्यंत आणि व्यापारी बांधकामाला 5 पर्यंत निर्देशांक खुला केला. चार घरांमागे एका जागेची सवलत 45 चौरस मीटरपर्यंतच्या घरांना मिळाली. मोठ्या घरांची सक्ती राहिली. 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा असल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणी न करण्याचा मनोदय जाहीर केला. असा पुरावा टॉवरमधल्या रहिवाशाला सहज देता येईल. 1991 पूर्वीच्या अनेक इमारतींत तो देण्याजोगी जागाच नाही.